सम-विषम ओळींचा कज्जा

विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत आणि युरोपात हौशी मंडळींची एक लहानशी जमात उदयास आली. घराच्या तळघरात वा दिवाणखान्यात तीन नळ्यांचा अवजड प्रोजेक्टर छताला टांगून, त्याच्याशी एक साधा संगणक जोडून, चित्रपटगृहातील चित्राच्या जवळपास पोहोचणारे चित्र भिंतीवर उमटविण्याचा तिला ध्यास होता. या मंडळींना संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड निवडावयाचे असे, तेव्हा बाजारात ज्या गुणांवर कार्डाची किंमत ठरे, म्हणजे खेळातील राक्षस किती वेगाने धावतात वगैरे, त्यांकडे ती ढुंकूनही पाहत नसे. तिचा प्रश्न एवढाच असे की, दोन तुकड्यांत फाडलेले चित्र हे कार्ड पुन्हा किती बेमालूमपणे जोडते. हे चित्र फाडले कोणी व का, हे समजल्यावाचून त्या निवडीचे मर्म कळणार नाही, म्हणून थोडे मागे जाणे प्राप्त आहे.

दूरचित्रवाणी प्रयोगशाळेतून बाहेर पडू पाहत होती तेव्हा तिच्यापुढील अडचण साध्या हिशेबाची होती: चित्र लुकलुकू नये म्हणून ते सेकंदाला पन्नास-साठ वेळा उजळले पाहिजे, पण प्रत्येक वेळी संपूर्ण चित्र धाडावयाचे तर तेवढी जागा रेडिओलहरींच्या त्या अरुंद पट्ट्यात कोणीही देणार नव्हते. जर्मनीत टेलिफुंकेनच्या फ्रिट्झ श्रोटर यांनी 1930 मध्ये आणि अमेरिकेत आर.सी.ए.च्या रँडल बॅलार्ड यांनी 1932 मध्ये यावर जी तजवीज सुचविली ती अशी, की एका खेपेस चित्राच्या केवळ विषम ओळी धाडाव्या, पुढील खेपेस सम ओळी, आणि उरलेले काम पाहणाराच्या डोळ्यावर व पडद्याच्या मंद होत जाणाऱ्या उजेडावर सोपवावे. उपाय चतुर होता यात संशय नाही; पण ती उसनवारी होती, आणि तिचे व्याज पुढील सत्तर वर्षे फिटावयाचे होते. कारण विषम ओळी ज्या क्षणी टिपल्या तो क्षण सम ओळींच्या क्षणाहून निराळा. मधल्या अवधीत चेंडू पुढे सरकलेला असतो, आणि दोन्ही अर्धे जसेच्या तसे शेजारी ठेवले, तर चेंडूच्या कडेला फणीचे दाते फुटतात.

त्यात विजेच्या वारंवारतेने आणखी एक फाळणी घडविली. अमेरिकेत 525 ओळी आणि सेकंदाला 60 अर्धी चित्रे, युरोपात 625 ओळी आणि 50. भारतानेही 625 ओळींचीच वहिवाट स्वीकारली. दूरचित्रवाणीचे मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले ते याच पद्धतीने, आणि 1982 मध्ये रंग आला तो तिच्यावरच पाल पद्धतीचा साज चढवून. चित्रपट मात्र जगभर सेकंदाला 24 चित्रांचा. अमेरिकेने तो साठात बसविण्यासाठी एका चित्राचे दोन अर्धे तुकडे, पुढच्याचे तीन, पुन्हा दोन, पुन्हा तीन, असा लंगडा ताल धरला. पाल देशांनी तो सरळ सेकंदाला 25 चित्रांच्या वेगाने पळविला, ज्यामुळे अडीच तासांचा चित्रपट 144 मिनिटांत आटोपतो आणि त्यातील गाणे मूळ पट्टीहून, अर्ध्या स्वराहून किंचित कमी इतके, वर चढते. तानपुऱ्याशी सवय झालेल्या कानाला हा फरक कळतो. माझ्या परिचयातील एका वृद्ध पेटीवाल्यांनी तो आयुष्यभर ध्वनिमुद्रकाच्या माथी मारला.

या फाटलेल्या चित्राची शिवण करणे हा स्वतंत्र व्यवसाय ज्याने बनविला तो इव्ह फारूजा. फ्रान्समध्ये शिकलेल्या या अभियंत्याने 1971 मध्ये अमेरिकेत आपली प्रयोगशाळा थाटली, आणि तिच्या ‘लाइन डबलर’ पेट्यांनी घरगुती प्रोजेक्टरांच्या दुनियेत दरारा निर्माण केला. त्यांची किंमत हजारो डॉलरांत होती. त्यांचे कौशल्य ओळी दुप्पट करण्यापेक्षा एका निदानात होते: येणारे चित्र मुळात चित्रपटाचे आहे काय हे पेटी ओळखी, दोन-तीन-दोन-तीन असा ताल सापडताच योग्य अर्ध्यांची जोडी लावी, आणि मग काहीही न गमावता मूळचे 24 चित्रांचे धन परत मिळे.

डीव्हीडी 1996 च्या नोव्हेंबरात जपानात आणि पुढील मार्चमध्ये अमेरिकेत आली, तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आले की संगणकाचा पडदा मुळातच सर्व ओळी क्रमाने काढतो. म्हणजे जे काम ती महागडी पेटी करते ते एका कार्डाकडून करवून घेता येईल. आरंभी संगणकाचा मुख्य प्रोसेसर त्या चकतीचे संकुचित चित्र उलगडण्यातच घायकुतीस येई. म्हणून कोणी त्यासाठी निराळी डीकोडर कार्डे बसविली. एटीआय कंपनीने मात्र आपल्या ग्राफिक्स चिपमध्येच त्या गणिताचा भार टप्प्याटप्प्याने उचलला, आणि 2000 सालच्या रेडिऑनने या जमातीत जो लौकिक मिळविला तो खेळांच्या वेगामुळे नव्हे. त्या काळी कार्डातून निघणारा संकेत अनुरूप, म्हणजे अखंड विद्युत्दाबाचा असल्याने, कार्ड बनविणाऱ्याने बाहेरच्या वाटेवर चार आण्यांची गाळणी बसविली की चांगल्या चिपचेही चित्र धुरकट होई. एकच चिप, दोन उत्पादक, आणि भिंतीवर दोन निराळी चित्रे. दर्दी लोक पडद्याचा ताल सेकंदाला 72 वर आणून ठेवीत, म्हणजे चित्रपटाचे प्रत्येक चित्र बरोबर तीनदा दिसे आणि अमेरिकन पद्धतीचे ते लंगडणे नाहीसे होई.

खरा कज्जा पुढेच आहे. डीव्हीडीवर प्रत्येक चित्राबरोबर एक खूण नोंदलेली असते, की हा तुकडा चित्रपटाचा आहे वा व्हिडिओ कॅमेऱ्याचा. काही कार्डे व प्लेयर या दप्तरी नोंदीवर विसंबत, तर काही प्रत्यक्ष चित्राची साक्ष काढीत. नोंद बिनचूक असेल तर तिच्याहून सोपा मार्ग नाही. पण चकती तयार करणारे कारकून गाफील असत, खुणा मध्येच बदलत, आणि नोंदीवर भिस्त ठेवणारे कार्ड चांगल्या प्रसंगात एकाएकी फणीचे दाते दाखवी. साक्ष काढणारे कार्ड तेथे तरे, मात्र एखाद्या जाळीदार खिडकीने वा पट्टेरी सदऱ्याने त्याची दिशाभूल होई. महसुली दप्तरातील सातबारा खरा की शेतावरचा बांध खरा, हा वाद ज्यांनी पाहिला आहे त्यांना यात काही नवे वाटू नये. माझा कल अर्थातच बांधाकडे आहे.

डिसेंबर 2004 मध्ये एनव्हीडियाने ‘प्यूअरव्हिडिओ’ आणि 2005 मध्ये एटीआयने ‘अव्हिव्हो’ या नावांनी ही शिवणकला जाहिरातीत आणली. त्याच वर्षी सिलिकॉन ऑप्टिक्सची ‘एचक्यूव्ही’ नावाची परीक्षेची डीव्हीडी निघाली: फडकणारा ध्वज, फिरणारी तिरपी पट्टी, प्रेक्षागारासमोरून धावणारी मोटार, आणि एकूण गुण 130. येथून पारखीचे स्वरूप पालटले. पूर्वी आपल्या आवडत्या चित्रपटातील एखादा नाठाळ प्रसंग शंभरदा पाहून मत बनविणारा मनुष्य आता गुणपत्रिका वाचू लागला, आणि कंपन्याही परीक्षेपुरता अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याप्रमाणे वागल्या नसतील, असे मानण्याइतका मी भाबडा नाही. गोंगाट पुसण्याच्या नावाखाली फिल्मचा मूळ रवाळ पोत घासून काढणे आणि कडांना तीक्ष्णतेचा मुलामा देणे, यांस गुण मिळत. डोळ्यास मात्र माणसे मेणाची वाटत.

2006 मध्ये ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी या चकत्या आल्या, तेव्हा प्रश्न चित्राचा न राहता परवान्याचा झाला: कार्डात ‘एचडीसीपी’ या नक्कलविरोधी कुलपाची किल्ली नसेल तर उच्च प्रतीचे चित्र पडद्यापर्यंत पोहोचूच द्यावयाचे नाही, असे फर्मान चकतीचा मालक काढू शके, आणि ‘सज्ज’ असा शिक्का असलेल्या कित्येक कार्डांत ती किल्ली बसविलेलीच नाही हे ग्राहकांना पैसे भरल्यावर उमगले. पुढे चोविसाचाही वाद निघाला, कारण चकतीवरचा वेग नेमका 24 नसून 23.976 होता, तर 2010 च्या सुमारास इंटेलच्या चिपांत अंगभूत आलेले ग्राफिक्स पुरे 24 देई, म्हणून दर एक्केचाळीस-बेचाळीस सेकंदांनी एक चित्र दोनदा दिसे. सामान्य मनुष्याने याची फिकीर करू नये. त्या जमातीने घड्याळ लावून ते मोजले.

आज नवी चित्रे बहुतांशी अखंडच जन्मतात, आणि शिवण उत्तम साधली तोवर फाटके कापडच बाजारातून उठले. जुन्या पेट्यांत मात्र ते शिल्लक आहे. व्हिडिओ कॅमेऱ्याने चित्रित केलेली मराठी नाटके घरोघरी पोहोचली ती पुष्कळदा व्हीसीडीवर, आणि व्हीसीडीच्या 288 ओळींत दुसऱ्या अर्ध्याला जागाच नसल्याने तो बहुधा चकती बनवितानाच टाकून दिलेला असे. तेथे कोणत्याही कार्डापुढे फैसल्यासाठी काही उरत नाही. पण तेच नाटक डीव्हीडीवर सापडले, आणि ‘हा चित्रपट नव्हे’ एवढे कार्डास नीट सांगता आले, तर सेकंदाला पन्नास निराळे क्षण एकामागून एक मोकळे होतात, आणि नटाने टाळीसाठी उचललेला हात, रंगमंचावर उठला असेल तसा, एकाही धक्क्यावाचून वर जातो.