खुंट्यावर दोन हात

आमच्या देगलूरच्या घरात पडवीला एक जातं होतं. पहाटे चारच्या सुमारास आई आणि शेजारची अव्वा समोरासमोर बसायच्या, एकच खुंटा दोघी धरायच्या आणि पायलीभर ज्वारी उजाडायच्या आत दळून काढायच्या. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली असायची. जात्याची घरघर कानात शिरायची, अंगात शिरायची. आईची दोन मुलं माझ्याआधी गेली होती. अव्वाचा नवरा ती विशीत असतानाच गेला होता. दिवसभर दोघी या गोष्टींबद्दल चकार शब्द काढायच्या नाहीत. पहाटे मात्र एकीनं ओवी उचलली की दुसरी ती पुरी करायची. अव्वाच्या ओवीत अर्धे शब्द तेलुगू. आईला ते सगळे कळत होते की नाही, देव जाणे. पण तिचा हात खुंट्यावरून कधी सुटला नाही.

आमचं गाव तीन भाषांच्या सीमेवरचं. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाचं राज्य, मग हैदराबाद राज्य, १९५६ पासून मुंबई राज्य आणि १९६० ला महाराष्ट्र. रझाकारांच्या दिवसांत बायकांनी काय सोसलं ते मी पहिल्यांदा जात्यापाशीच ऐकलं. उजेडी ते कुणी बोलत नसे.

पुरुषांना त्यांची जागा होती. देगलूर हे गुंडा महाराजांचं गाव, देगलूरकरांचा मठ पंढरपुरात आहे. टाळ घेऊन चक्राकार फिरत करायचं चक्रीभजन आमच्या आणि औशाच्या परंपरेची ओळख. माझे वडील कर्जाच्या काळजीत असले की रात्री देवळात जायचे आणि घामाने भिजून परत यायचे. त्यानंतर त्यांना झोप लागायची. बायकांना मात्र घराबाहेरचा असा वेळ कोण देणार? त्यांचं देऊळ म्हणजे पडवी, आणि वेळ पहाटेची, घर झोपेत असतानाची.

गी पॉईटवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी पुण्याजवळच्या डोंगरी भागातल्या गरीब बायकांबरोबर काम करताना जात्यावरच्या या ओव्या गोळा करायला सुरुवात केली, आणि पुढे राज्यभरातून लाखभर ओव्या जमल्या. लोक त्यांना लोकसाहित्य म्हणतात, ते खरंच आहे. पण मी तीस वर्षं आरोग्यसेविका होते. मला त्या लाखभर ओव्यांत लाखभर पहाटा दिसतात, आणि प्रत्येक पहाटे एक ऐकणारी दिसते. ऐकणारी शहाणी असायची असं नाही. ती त्याच दुःखातून गेलेली असायची, एवढंच.

मग गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी आली. आईचे खांदे सुटले, याचा मला आनंदच आहे; जात्यानं कंबर मोडलेल्या बायका मी पुढे खूप तपासल्या. पण अव्वाचं पहाटे येणं थांबलं. भेट व्हायची ती गिरणीच्या रांगेत, पट्ट्याच्या आवाजात. १९७२ च्या दुष्काळात दोघी पुन्हा जवळ आल्या, खडीच्या कामावर. दिवसभर खडी फोडायची, सुकडी आणि लाल मिलोच्या भाकरीवर दिवस काढायचा आणि हातोड्याच्या तालावर बोलायचं. काम संपलं तसं तेही संपलं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपानं किल्लारी हादरली. देगलूरला आमच्या फडताळातली भांडी वाजली, आम्ही अंगणात आलो आणि परत जाऊन झोपलो. तिकडे दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि माळवदाची माती झोपलेल्या माणसांवर आली होती. सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपास. लोक दहा हजार म्हणतात.

दिवाळीनंतर मला महिन्याभरासाठी तिकडे पाठवलं. पत्र्याच्या शेडांच्या रांगा, रात्री आत न झोपणारी माणसं, आणि कुत्रं भुंकलं तरी उठून पळणारी मुलं. जखमा भरत आल्या होत्या. माझ्याकडच्या गोळ्यांचं काम संपत आलं होतं आणि बायका तरीही रोज माझ्या टेबलाशी येत. छातीत धडधडतं, हातपाय गार पडतात, घास उतरत नाही. मी रक्तदाब मोजायची, तो ठीक निघायचा. काही जणी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या होत्या आणि सगळी मुलं गेली होती. शासनानं अशांसाठी नस पुन्हा जोडण्याच्या शस्त्रक्रियांची सोय केली होती. मी आयुष्यभर दारोदार फिरून बायकांना ऑपरेशनला तयार केलेली बाई. त्यांच्या डोळ्याला डोळा देणं मला जड गेलं, हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.

एका पहाटे मला ओळखीची घरघर ऐकू आली. दोन शेडांच्या मधल्या जागेत दोघी बसल्या होत्या. खालची तळी एकीच्या पडलेल्या घरातून काढलेली, वरची दुसरीच्या. मापं जुळत नव्हती. वरची तळी हिंदकळत होती, कड बाहेर राहत होती आणि पीठ न पडता भरडाच पडत होता. मदतीच्या पिठाची पोती शेडात होती, दळायची गरजच नव्हती. मी विचारलं तर एक म्हणाली, “बाई, मदतीचं पीठ काय बोलायलंय का?” मी त्यांच्याजवळ बसले. त्या एकमेकींना मुलांची नावं सांगत होत्या. रोज तीच नावं, त्याच क्रमानं.

पुढे पुनर्वसनाच्या कामात, जिथं घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती त्या गावांत, ‘संवाद सहायक’ म्हणून गावातल्याच बायका नेमल्या गेल्या. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं त्यामागे मोठं बळ उभं केलं. कागदावर काम होतं घरदुरुस्तीची माहिती सांगण्याचं, बांधकामावर लक्ष ठेवण्याचं. पण विधवा बाईच्या दारात दुसरी बाई सिमेंटच्या पोत्याचं विचारायला गेली की बोलणं पोत्यावर थांबतं का? अशा बैठकांतून बचत गट उभे राहिले. २६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरलं, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडे गेल्या. भाषा वेगळी, पण आमचंही घर असंच पडलं होतं, हे सांगायला त्यांना फार शब्द लागले नसतील. २००४ च्या त्सुनामीनंतर त्या तमिळनाडूलाही जाऊन आल्या. आपल्या मराठवाड्याच्या इतिहासात या प्रवासाचं पान असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

२०१५ साली पाऊस गेला. पुढच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्या देशानं पाहिलं. त्या दुष्काळात माझ्या धाकट्या भावानं स्वतःचं आयुष्य संपवलं. सोयऱ्यांनी कडू घास आणला, गल्ली दुखवट्याला बसली. पण ही गोष्ट अशी की कुणी नाव काढेना. पूर्वी बायका गळ्यात पडून हेल काढून रडायच्या, त्यातून मनातलं बाहेर पडायचं. आता सगळे खुर्च्यांवर बसून मोबाइलकडे बघत होते. माझी वहिनी भिंतीला टेकून सहा दिवस बोलली नाही. त्याच सुमारास शासनाचा प्रेरणा प्रकल्प सुरू झाला होता, आशाताई शेतकऱ्यांच्या घरी जाऊन उदासीचे प्रश्न विचारायच्या. ते काम मोलाचं आहे, मी निवृत्तीनंतरही त्यात मदत केली. आताही गावोगावी भिंतीवर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक लिहायला सांगते. तो रात्रीही लागतो.

पण वहिनीचं तोंड उघडलं ते सातव्या दिवशी. लेंडी नदीच्या पलीकडच्या एका खेड्यातून एक अनोळखी बाई आली. तिचाही नवरा तीन वर्षांपूर्वी असाच गेला होता. ती वहिनीच्या शेजारी जमिनीवर बसली. “सातबारावर नाव लावलं का गं माय?” एवढंच विचारलं. वहिनी चमकून तिच्याकडे बघत राहिली, आणि मग संध्याकाळपर्यंत दोघी बोलत होत्या. जमीन, सावकार, सासरे, मुलाची फी, रात्री दारावर होणारी टकटक. मकाम या महिला शेतकऱ्यांच्या मंचानं २०१८ ला मराठवाडा-विदर्भातल्या अशा ५०५ स्त्रियांशी बोलून जे मांडलं, जमीन-घर नावावर न होणं, पेन्शनसाठीच्या चकरा, ते त्या दुपारी आमच्या पडवीत सगळं येऊन गेलं होतं.

गेल्या महिन्यात तालुक्यातल्याच एका घरून तसाच निरोप आला. सवयीनं मी रक्तदाबाचं यंत्र पिशवीत घातलं आणि पायात चपला सरकवल्या. वहिनीनं पिशवी माझ्या खांद्यावरून काढून खुंटीला टांगली. “ताई, तुम्ही उद्या या. आज मला एकटीला जाऊ द्या,” म्हणाली, आणि भाकरीचं गाठोडं घेऊन बसस्टँडकडे चालू लागली.