त्वचीय शोषण चाचणी

त्वचीय शोषण चाचणी ही एखादे रसायन त्वचेतून शरीरात किती प्रमाणात व किती वेगाने शिरते, हे मोजण्याची प्रयोगशाळेतील पद्धत आहे. ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ व बदलापूर येथील औद्योगिक वसाहतींत रसायने व औषधे यांचे कारखाने आहेत. अंबरनाथहून उल्हासनगरमार्गे वाहणारी वालधुनी नदी औद्योगिक सांडपाण्याने प्रदूषित झाली आहे. त्यामुळे रसायनांच्या त्वचास्पर्शाचा प्रश्न कामगारांप्रमाणेच नदीकाठच्या रहिवाशांशीही निगडित आहे.

त्वचेचा सर्वांत बाहेरचा, मृत पेशींचा थर हा शोषणातील मुख्य अडथळा असतो. लहान रेणूंची व स्निग्ध पदार्थांत विरघळणारी रसायने तो तुलनेने सहज ओलांडतात. उदाहरणार्थ, ॲनिलीन त्वचेतून रक्तात पोहोचते व रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटवते.

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या 2004 मधील मार्गदर्शक तत्त्व क्र. 428 नुसार, शरीराबाहेर काढलेल्या त्वचेचा तुकडा दोन कप्प्यांच्या मध्ये बसवतात. वरच्या बाजूस रसायन लावून खालच्या द्रवाचे नमुने ठरावीक वेळाने तपासतात. तीव्र त्वचीय विषाक्तता मात्र तत्त्व क्र. 402 नुसार प्राण्यांवर तपासली जाते. त्यात रसायनाचा संपर्क 24 तास ठेवून 14 दिवस निरीक्षण करतात.

त्वचेवर जळजळ झाली नाही, म्हणजे रसायन शोषले गेले नाही, असे नसते. म्हणून हातमोजे व अन्य संरक्षक साधने निवडताना शोषणाची माहिती आवश्यक ठरते.