खिशांतला विस्तव



विस्तव जवळ बाळगून हिंडावें ही मनुष्याची हौस फार जुनी आहे. सोन्याचांदीचे जुने लायटर मोठी किंमत मोजून जमविणारे शौकीन आज जगभर आहेत. धूम्रपानासारख्या व्यसनाच्या नादास लागलेल्या या चैनीच्या वस्तूंचा इतिहास एका निवृत्त शाळामास्तरानें कां सांगावा, असें आपणांस वाटेल. परंतु या इतिहासाचें एक टोक आपल्या दक्षिणेंत आहे, आणि दुसरें माझ्या घरांतल्या एका चुकीपाशीं येऊन थांबतें.

इ. स. १६०४ च्या सुमारास अकबर बादशहाचा वकील असदबेग विजापुराहून परतला. पोर्तुगीजांच्या व्यापारामुळें तंबाखू दक्षिणेंत रुळली होती. मोंगल दरबारास ती नवी होती. असदबेगानें तंबाखूबरोबर ती ओढण्याचा सारा सरंजाम बादशहास नजर केला. नळीच्या दोन्ही टोकांस रत्नें व मीनाकाम, तोंडाशीं यमनी अकीक, आणि पेटविण्यासाठीं सोन्याचें एक वेगळें साधन, असें वर्णन त्यानें स्वतःच लिहून ठेविलें आहे. बादशहानें थोडे झुरके घेतले, हकीमांनीं हरकत घेतली. दरबारी मंडळींना मात्र गोडी लागली. तंबाखू दरबारांत शिरली ती अशी सोन्याचा विस्तव बरोबर घेऊनच!

गरिबाचें साधन निराळें. शेतकऱ्याच्या चंचींत तंबाखू, चुन्याची डबी आणि चकमक असावयाची. पोलादाचा तुकडा गारेवर घासून आपटला म्हणजे पोलादाचे सूक्ष्म कण सुटून हवेंतच पेटतात. ठिणगी वस्तुतः पोलादाची; गार तिला केवळ खरवडून काढते. ती कापसावर झेलावयाची, फुंकर घालावयाची, आणि मग चिलीम पेटवावयाची. बंदुकीचा इतिहासहि याच वाटेनें गेला. आधीं जळत्या जामगीनें बार उडवीत. पुढें चकमकीच्या ठिणगीनें उडवूं लागले.

युरोपांत १८२३ सालीं डोबेरायनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें जस्त व गंधकाम्ल यांपासून निघणारा हायड्रोजन प्लॅटिनमच्या साह्यानें पेटविण्याचा दिवा तयार केला. १८२७ मध्यें इंग्लंडांत जॉन वॉकर यानें घासून पेटणाऱ्या काड्या विकावयास काढिल्या, आणि पुढें काडेपेटीनें चकमक हळूहळू मागें सारली. तथापि ती मेली नव्हती. १९०३ सालीं ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाख यांनीं लोह व सेरियम यांच्या मिश्रधातूचें पेटंट घेतलें. लायटरमध्यें आपण जिला गार म्हणतों ती ही मिश्रधातु होय. येथें कामांची अदलाबदल झाली : पोलादी चाक खरवडतें आणि 'गार' जळते. या शोधामुळें चकमक बोटांच्या चिमटींत मावूं लागली. १९२० नंतरच्या दशकांत लंडनच्या डनहिल पेढीनें एका हातानें पेटविता येणारे लायटर काढून त्यांस सोन्याचांदीचीं कवचें चढविलीं. संग्राहक आज शोधतात ते हेच.

सोन्याच्या वस्तूस राखणदार मिळतो; लोखंडाच्या चकमकीस कोण मिळणार? हा प्रश्न आपल्या पुण्यांत एका गृहस्थानें सोडविला. 'अज्ञातवासी' या नांवानें कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचा धंदा चष्म्यांचा. सुमारें १९२० पासून त्यांनीं अडकित्ते, दिवे, दौती, हुक्के, पानाचे डबे अशा घरगुती वस्तु जमविल्या. पत्नी कमलाबाईंची त्यांस साथ होती. बालपणींच गेलेल्या मुलाचें, राजाचें, नांव त्यांनीं संग्रहास दिलें. वीस हजारांहून अधिक वस्तूंचा तो संग्रह आज शुक्रवार पेठेंत उभा आहे. वस्तु किती मोलाची यापेक्षां ती कोणत्या हातांनीं घडविली व वापरली, हें त्यांनीं पाहिलें.

आतां माझी चूक सांगतों. माझे आजोबा भोराकडील खेड्यांत शेती करीत. त्यांची चकमक आमच्या माळ्यावर होती. मी तरुणपणीं घर आवरतांना ती इतर लोखंडाबरोबर मोडीवाल्यास दिली. कांट्यावर तिचें वजन दिसलेंहि नाहीं. पुढें कित्येक वर्षांनीं शाळेचीं मुलें घेऊन मी केळकर संग्रहालयांत गेलों. हुक्क्यांसमोर एका मुलानें विचारलें, "गुरुजी, काडेपेटी नव्हती तेव्हां हे पेटवीत कसे?" मीं तोंडानें सांगितलें, दाखवावयास हातांत कांहींच नव्हतें.

म्हणून एवढीच विनंती. आपल्या घरीं जुना लायटर, चकमक किंवा अडकित्ता असेल, तर मोडींत देण्यापूर्वीं एक चिठ्ठी लिहून त्यास बांधा : ही वस्तु कोणाची, कोठली, कशी वापरीत. ती चिठ्ठी लिहून झाल्यावर ती वस्तु मोडींत देण्यास आपला हात धजणार नाहीं, अशी माझी खात्री आहे.