जनरलसाहेबांची कवायत

इमारतीवर मजला चढवताना आपण सगळ्यांनीच पाहिलंय. अमेरिकेतल्या मेन राज्यात, ब्रन्सविक गावात एका गृहस्थांनी १८७१ साली नेमकं उलटं केलं. राहतं घर अख्खं वर उचललं आणि त्याच्या खाली नवा मजला बांधून घेतला! रीडेव्हलपमेंटवर आपल्याकडे एवढ्या मीटिंगा झाल्या, पण ही आयडिया कोणाला सुचली नाही. ते घर अजून उभं आहे, आता तिथे संग्रहालय आहे. गृहस्थांचं नाव जोशुआ लॉरेन्स चेंबरलेन. त्याच वर्षी ते गावातल्या बोडन कॉलेजचे अध्यक्ष, म्हणजे सर्वेसर्वा, झाले होते.

मूळचे हे त्याच कॉलेजातले प्राध्यापक. लहानपणी तोतरे बोलायचे, पुढे वक्तृत्व शिकवू लागले. १८६२ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, कॉलेजने त्यांना युरोपात अभ्यासाला जाण्यासाठी रजा दिली. साहेब युरोपला गेलेच नाहीत, ती रजा घेऊन थेट फौजेत दाखल झाले. कर्नलपद देऊ केलं होतं, पण ‘आधी काम शिकतो’ म्हणून एक पायरी खालचं पद घेतलं.

२ जुलै १८६३ रोजी गेटिसबर्गच्या लढाईत लिटल राउंड टॉप या टेकडीवर त्यांची विसावी मेन पलटण फौजेच्या अगदी डाव्या टोकाला होती. तिथून हटलं की शत्रू बगलेतून आत शिरणार. काडतुसं संपत आली तेव्हा त्यांनी संगिनी लावायला सांगितल्या आणि पलटण उतारावरून शत्रूवर धावून गेली. टेकडी राखली. या कामगिरीचं मेडल ऑफ ऑनर मिळालं ते मात्र १८९३ साली, तीस वर्षांनी.

पुढच्या वर्षी जूनमध्ये पीटर्सबर्गला गोळी एका नितंबातून शिरून दुसऱ्या बाजूपर्यंत गेली. शिपाई पुढे जाईपर्यंत हा माणूस तलवार जमिनीत रोवून, तिच्यावर रेलून उभा राहिला. जगणार नाहीत म्हणून जनरल ग्रँटनी जागेवरच बढती दिली. वर्तमानपत्रांत निधनाची बातमीही छापून आली! पण ते वाचले. एप्रिल १८६५ मध्ये ॲपोमॅटॉक्सला हरलेलं दक्षिणेचं पायदळ शस्त्रं ठेवायला आलं, तेव्हा चेंबरलेननी आपल्या सैनिकांना मानवंदना द्यायला लावली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, त्यामुळे थोडा रंग चढला असेल, पण उगाच नाही.

मग एकेका वर्षाच्या चार मुदती मेनचे गव्हर्नर, आणि त्यानंतर कॉलेज. तिथे त्यांनी विज्ञान आणि इंजिनिअरिंगचे वर्ग आणले. जुन्या मंडळींना ते पसंत नव्हतं, पैसाही अपुरा, त्यामुळे ते फार टिकले नाहीत. खरा घोळ झाला तो कवायतीवरून. पुन्हा युद्ध झालं तर शिकलेले अधिकारी हवेत, म्हणून त्यांनी सक्तीची लष्करी कवायत सुरू केली. गणवेशाचा खर्च मुलांनीच करायचा. मुलांनी अर्ज केला, बहुतेक सगळ्यांच्या सह्या होत्या, पण काही झालं नाही. मे १८७४ मध्ये खालच्या तीन वर्गांनी कवायतीला जायला सरळ नकार दिला.

साहेबांनी सगळ्यांना घरी पाठवलं आणि पालकांना पत्रं धाडली: दहा दिवसांत नियम मान्य करून परत या, नाहीतर नाव काढलं जाईल. तिघं सोडून बाकी सगळे परतले. म्हणजे जिंकले म्हणायचं. पण मला इथे मुलांचंच पटतं. शत्रूला मानवंदना देणाऱ्या माणसाला स्वतःच्या पोरांचा अर्ज नीट ऐकता आला नाही, याचं नवल वाटतं. नोटीस काढून शिस्त येते, गोडी येत नाही, हे आपल्या कमिटीतले लोकही सांगतील. पुढे कवायत ऐच्छिक झाली, मग तिकडे फारसं कोणी फिरकेना, आणि काही वर्षांत ती बंदच पडली.

आणि या बारा वर्षांत ती जखम कधी भरलीच नव्हती. वारंवार जंतुसंसर्ग, ताप, वेदना. तशातच ते ऑफिस चालवत होते आणि वर्गावर शिकवतही होते. १८८३ मध्ये प्रकृतीमुळे राजीनामा दिला. २४ फेब्रुवारी १९१४ रोजी पोर्टलंडला ते गेले, वय ८५. कारण तीच, पन्नास वर्षांपूर्वीची गोळी.