काच एक, कुळं दोन

वऱ्हाडात झड लागली, की अमरावती-अकोला रस्त्यावर तीन तऱ्हेचे दुचाकीवाले दिसतात. पहिला हेल्मेटची काच खाली ओढून अंदाजानं गाडी हाकतो. दुसरा काच कपाळावर चढवतो आणि डोळे बारीक करून पावसाचा मारा सोसतो. तिसऱ्यानं हेल्मेट सरळ हँडलला लटकवलेलं असतं. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "काही दिसूनच नाही राह्यलं नं भाऊ." हे उत्तर उडवून लावण्यासारखं नाही. कायदा, दंड, जनजागृती यांवर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. पण पावसाळ्यात डोक्यावरून हेल्मेट उतरतं ते बहुतेकदा काच धुरकटते म्हणून. ही काच स्वच्छ ठेवायची विद्या जगात शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिचा निम्मा भाग गल्लीतल्या किराणा दुकानात मिळतो. म्हणून तिची कुळकथा सांगायची.

आधी दुखणं नीट ओळखू या, कारण दुखणी दोन आहेत. आपला उच्छ्वास गरम आणि दमट असतो. बाहेर पावसानं आणि वाऱ्यानं काच गार पडलेली असते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं, तशी श्वासातली वाफ या काचेला आतून चिकटते. चिकटते ती बारीक बारीक थेंबांनी, आणि प्रत्येक थेंब उजेड भलतीकडे फेकतो. समोरचा रस्ता पांढुरका होतो तो यामुळे. पाणी तेवढंच राहिलं, पण थेंबांऐवजी एकसंध पातळ पापुद्रा होऊन पसरलं, तर आरपार दिसतं. म्हणजे आतल्या बाजूला पाणी पसरलं पाहिजे.

बाहेरच्या बाजूचं गणित उलट आहे. तिथे पावसाचं पाणी पसरलं तर वाऱ्यानं हलणारा थर समोरचं सगळं वाकडंतिकडं दाखवतो. तिथे पाण्यानं काचेला धरूच नये, गोळी होऊन वाऱ्याबरोबर घरंगळावं. आत पाण्याशी सलगी आणि बाहेर पाण्याशी वैर, असे दोन विरुद्ध स्वभाव दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या एकाच तुकड्याला हवे असतात. ज्यांना हे ठाऊक नसतं ते एकच औषध दोन्हीकडे फासतात आणि मग काहीच लागू पडत नाही म्हणतात.

आतल्या बाजूचं कूळ युद्धातलं आहे. पहिल्या महायुद्धात विषारी वायू आला, सैनिकांच्या तोंडावर मुखवटे चढले आणि मुखवट्यांच्या काचा श्वासानं आंधळ्या होऊ लागल्या. समोरून शत्रू येतोय आणि काच पुसायला मुखवटा काढावा तर वायू छातीत जाणार! फ्रेंचांच्या तिसो मुखवट्यात यावर सुंदर तोड निघाली: आत घेतली जाणारी कोरडी हवा आधी काचेवरून फिरवायची आणि मग नाकाकडे न्यायची. आजच्या चांगल्या हेल्मेटला हनुवटीपाशी जे हवेचं भोक असतं, त्यामागे तीच कल्पना आहे. दुसरी तोड साबणाच्या जातीची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकाच्या मुखवट्याच्या पिशवीत एक चपटी डबी आणि फडकं असायचं. डबीतला लेप काचेला आतून चोळायचा आणि पुसून पातळ करायचा. साबण पाण्याचा ताण मोडतो, म्हणून पाणी थेंब धरत नाही, पसरतं. आपल्याकडे रिठ्यात हाच गुण आहे.

ही साधी गोष्ट विसरली गेली तर काय होतं, याचा दाखला थेट अंतराळातला आहे. ५ जून १९६६ रोजी जेमिनी ९ यानातून युजीन सर्नन दोन तासांहून अधिक काळ बाहेर होते. श्रमानं त्यांना घाम फुटला, श्वास वाढला आणि शिरस्त्राणाची काच आतून पूर्ण धुरकटली. हात आत नेता येत नव्हता, तेव्हा त्यांनी नाकाच्या शेंड्यानं काच घासून बघण्यापुरतं भोक पाडलं. ठरलेलं काम अर्धवट टाकून ते चाचपडत यानात परतले. पुढच्या उड्डाणांपासून बाहेर पडण्याआधी काचेला आतून लेप लावणं सुरू झालं. नासानं या कामासाठी जे मिश्रण तयार केलं त्यात होतं काय, तर द्रवरूप साबण, शुद्ध पाणी आणि प्राणवायूत पेट न घेणारं तेल. तो लेप नीट पुसला नाही तर काय होतं, तेही अंतराळातच कळलं. २००१ साली क्रिस हॅडफिल्ड यांच्या डोळ्यात असंच द्रावण गेलं आणि काही काळ त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसेना. लेप काचेवर दिसला नाही पाहिजे इतका पुसायचा, हा धडा तिथला.

याच कुळातली धाकटी पाती पिनलॉकची. १९९०च्या दशकात नेदरलँड्समध्ये ही युक्ती निघाली. काचेच्या आत दुसरी पातळ पारदर्शक पट्टी बसवायची. तिच्या कडेनं सिलिकॉनची मऊ वळी, आणि ती धरायला मूळ काचेला दोन खुंट्या. दोन पडद्यांत कोरडी हवा कोंडली जाते, आतला पडदा गार पडत नाही, म्हणून वाफ धरत नाही. थंड मुलखातल्या घरांना दुहेरी तावदानं असतात, त्यांचंच हे छोटं रूप. आजवर आतल्या वाफेवर निघालेला हा सर्वांत खात्रीचा इलाज आहे, असं माझं मत आहे. लेप संपतो, धुऊन जातो. ही पट्टी टिकते.

बाहेरच्या बाजूचं कूळ रस्त्यावरचं. अमेरिकेतल्या अलाबामाच्या मेरी अँडरसन न्यूयॉर्कला गेल्या असताना त्यांनी पाहिलं, की हिमवर्षावात ट्रामचा चालक काच पुसण्यासाठी गारठत होता. त्यांनी आतून दांड्यानं फिरवता येईल अशी रबरी पाती काढली आणि १९०३ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. मोटारीचा वायपर तो हाच. दुचाकीवाल्याच्या वाट्याला त्याचा एक अवशेष आला आहे: पावसाळी डाव्या हातमोज्याच्या बोटाला शिवलेली रबराची पट्टी. डाव्याच, कारण उजवा हात रेसवर असतो.

आपल्या ट्रकवाल्यांनी या कुळात स्वतःची भर घातली. वायपर बंद पडला की चिमूटभर तंबाखू ओली करून पुढच्या काचेवर चोळायची, हा इलाज महामार्गावरच्या जुन्या चालकांना ठाऊक आहे. पाणी घरंगळत नाही, पण तंबाखूच्या रसानं थेंब मोडतात, पाणी सपाट पसरतं आणि घटकाभर वाट दिसते. हा इलाज खऱ्या काचेवर चालतो. हेल्मेटला तो लावू नये. का, ते पुढे येईलच.

पाण्याला गोळी करून घरंगळवणारे सिलिकॉनचे लेप विसाव्या शतकाच्या मध्यावर रसायनशाळांतून आले आणि १९७०च्या दशकापासून मोटारीच्या काचांसाठी बाटलीत मिळू लागले. मात्र ते सारे मोटारीच्या काचेसाठी. हेल्मेटची काच प्लॅस्टिकची असते, म्हणून अशा बाटलीवर प्लॅस्टिकला चालेल असं लिहिलेलं नसेल तर ती हेल्मेटजवळ आणू नये. मेणाचा पातळ हात मात्र काचेलाही चालतो आणि प्लॅस्टिकलाही.

दोन्ही कुळांची गाठ पडली ती हेल्मेटवर, आणि तीही उशिरा. दुचाकीचं शिरस्त्राण १९१४ मध्ये इंग्लंडच्या ब्रुकलँड्स शर्यतमार्गावरच्या डॉ. एरिक गार्डनर यांनी कॅनव्हास आणि लाखेतून घडवलं. १९३५ मध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेले ब्रिटिश अधिकारी मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स होते. त्यांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरवला, १९४१ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्करानं निरोप्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. पण ही सारी टोपीसारखी हेल्मेटं होती. डोळ्यांवर वेगळा गॉगल असे आणि नाक-तोंड मोकळं असे.

चेहरा झाकायला मोडणार नाही अशी पारदर्शक वस्तू हवी होती. १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीत हर्मन श्नेल यांना आणि लगोलग अमेरिकेत डॅनियल फॉक्स यांना, एकमेकांचा पत्ता नसताना, पॉलिकार्बोनेट सापडलं. आपण जिला हेल्मेटची काच म्हणतो ती बहुतेकदा याचीच असते. चंद्रावर उतरलेल्यांच्या शिरस्त्राणाचा घुमटही याचाच होता. दगड लागला तरी ती फुटत नाही, पण ओरखडे मात्र पटकन धरते. अमेरिकेच्या बेल कंपनीनं १९६०च्या दशकाच्या अखेरीस पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट आणलं. ऑगस्ट १९६८ मध्ये शर्यतपटू डॅन गर्नी ते घालून जर्मन ग्रां प्री या मोटारशर्यतीत उतरले. तो दिवस नुरबुर्गरिंगच्या शर्यतमार्गावर पाऊस आणि दाट धुक्याचा होता! बंद हेल्मेट आणि ओलं हवामान यांची गाठ अशी आरंभीच पडली. तोंड झाकलं गेलं आणि मुखवट्यांच्या काचांचं जुनं दुखणं दुचाकीवाल्याच्या नाकासमोर आलं.

आपल्याकडे १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९नुसार हेल्मेट सक्तीचं आहे. १ जून २०२१ पासून आयएसआय छाप नसलेलं हेल्मेट विकायलाच बंदी आहे. आपल्या लोकांच्या डोक्यांवर दिसणारी पुष्कळ हेल्मेटं बेळगावची आहेत. वेगा कंपनी तिथली. म्हणजे माल घरचा आहे, विद्याच तेवढी घरोघरी पोचलेली नाही.

वऱ्हाडात या काचेचा छळ जरा जास्तच होतो. पहिलं कारण दुपट्टा. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांत तो जीव वाचवतो, त्याबद्दल वाद नाही. पण तोच नाका-तोंडावर आवळून झडीत हेल्मेट घातलं, की श्वास सरळ वर काचेकडे जातो. करोनाच्या काळात मास्क लावल्यावर चष्म्याचं काय व्हायचं, ते सगळ्या चष्मेवाल्यांना आठवत असेल. पावसाळ्यात दुपट्टा गळ्यापर्यंतच ठेवावा.

दुसरं कारण काळी माती. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी ती डांबरावर येते, ट्रकची चाकं ती गिट्टीच्या कचासकट उडवतात आणि ती काचेवर बसते. ती कोरड्या तळव्यानं पुसली की प्रत्येक कण ओरखडा काढतो. दिवसा ते ओरखडे जाणवत नाहीत. रात्री मूर्तिजापूरच्या पुढे समोरून दिवे आले, की त्यांच्या चांदण्या फुटतात आणि रस्ता हरवतो. चिखल आधी भरपूर पाण्यानं सोडवावा, मगच पुसावा. पेट्रोलनं काच पुसायची सवय तर गॅरेजांतून हद्दपार झाली पाहिजे. पेट्रोल, थिनर आणि अमोनिया असलेले काच पुसायचे फवारे पॉलिकार्बोनेटला तडकवतात. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते, ती ओरखडे वाढवते. तंबाखूचा चोथाही खरवडतो, आणि आतून लावली तर रस डोळ्यांत उतरतो.

मग करायचं काय? शॅम्पूची पुडी आणायची. ही पुडी तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांच्या डोक्यातून निघाली आणि देशभर गेली. धुतलेल्या काचेला आतून दोन थेंब बोटानं पसरायचे, वाळू द्यायचे आणि मऊ सुती फडक्यानं डाग दिसेनासा होईस्तोवर पुसायचं. पाण्यानं धुवायचं नाही. एक-दोन दिवसांनी पुन्हा लावायचं. बाहेरून मेणाचा हात द्यायचा आणि तोही चमक येईस्तोवर पुसायचा. इर्विन चौकात किंवा अकोल्याच्या नेहरू पार्क चौकात सिग्नलला थांबलं, की काच एक खाच वर करायची. वारा थांबला की वाफ धरते, गाडी चालू असताना कमी. चिखलदऱ्याच्या घाटात ढगच रस्त्यावर उतरतो. तिथे आतून-बाहेरून काच निर्मळ असली तरी गाडी हळूच चालवावी लागते, तिथे कुठलाही लेप उपयोगाचा नाही.

जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला मार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग झालं आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला, वेग वाढला, आणि शेजारून ट्रक गेला की अंगावर येणारा पाण्याचा पडदाही मोठा झाला. माझं म्हणणं एवढंच, की नवं हेल्मेट घेताना रंगाआधी तीन गोष्टी विचारा: काचेला पिनलॉकच्या खुंट्या आहेत का, हनुवटीपाशी हवेचं भोक उघडतं का, आणि सुटी काच मिळते का. ओरखडे पडलेली काच मृगाच्या आधी बदला. काळी काच पावसाळ्यात वापरूच नका.