हाडाची भरपाई



वैद्यकाचे शिक्षण आम्हांस नाही. कामगारांच्या अपघातांचे दावे चालविताना डॉक्टरांना विचारून आणि वाचनालयात बसून जे कळले, तेवढेच आज आपणापुढे ठेवीत आहोत.

धुळ्याकडील एका जिनिंगमध्ये आमच्या एका सभासदाचा हात पट्ट्यात सापडला. कोपराखालच्या हाडाचा तुकडाच नाहीसा झाला. शस्त्रवैद्यांनी त्याच्याच कमरेचे हाड काढून ती खिंड भरली. हात सांधला. वर्षभराने तो आम्हांला म्हणाला, "भाऊ, हात ते बरा व्हयना, पन आते कंबर बठू देत नही." १९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास ३० टक्के, अशी अवयवांची किंमत मांडलेली होती. कमरेतून उसन्या घेतलेल्या हाडासाठी तीत रकाना नव्हता.

मग हे उसने टळेल कसे? आपण अस्थी सावडायला जातो तेव्हा चितेतून काय उरते ते आठवा. हाडातील जिवंत भाग जळून जातो आणि पांढरा, ठिसूळ भाग उरतो. तो मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फरस यांचा क्षार. हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग असा खनिजाचा असतो. म्हणजे आपल्या सांगाड्याचे निम्म्याहून अधिक सामान कुंभाराच्या भट्टीच्या जातीचे आहे. ते माणसाला बनविता येईल, ही आशा येथूनच निघाली.

१८९२ मध्ये जर्मनीत ड्रीसमन याने हाडातील पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्याचे प्रसिद्ध केले. हे प्लास्टर शरीरात लवकर विरघळून जाई. १९२० मध्ये अमेरिकेत आल्बी याने कॅल्शियम फॉस्फेटचा प्रयोग सशांच्या हाडांवर केला. गंमत अशी की, रोग्याचेच हाड काढून जोडण्याची रीत ज्यांनी रूढ केली, त्यांतला हा अग्रणी! पण पुढची बरीच वर्षे ही वाट ओसच राहिली.

व्हिएतनामच्या युद्धात सैनिकांचे हातपाय कापावे लागत होते. त्याविषयी एका लष्करी अधिकाऱ्याने १९६७ मध्ये फ्लॉरिडाचे प्राध्यापक लॅरी हेंच यांना छेडले. हेंच यांनी १९६९ मध्ये अशी एक काच तयार केली, की ती जिवंत हाडाला घट्ट चिकटून बसली. पुढच्या दशकात अमेरिका, हॉलंड व जपान येथे हाडातील खनिजाचीच प्रतिकृती, हायड्रॉक्सिअपटाइट, भट्टीत भाजून तयार होऊ लागली. आपल्या देशातही तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने असे पदार्थ विकसित केले.

या पदार्थाचे काम गवंड्याच्या परांचीसारखे आहे. त्यात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून मोठी, एकमेकांना जोडलेली छिद्रे ठेवतात. त्यांतून रक्तवाहिन्या शिरतात, पेशी शिरतात आणि भिंतींवर नवे हाड चढते. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हळूहळू विरते. हायड्रॉक्सिअपटाइट वर्षानुवर्षे राहते. म्हणून पुष्कळदा दोहोंचे मिश्रण करतात.

मात्र परांची म्हणजे घर नव्हे. हा पदार्थ ठिसूळ आहे. भार पट्टी व स्क्रू यांनाच पेलावा लागतो. भोवतीचे हाड जिवंत व जखम निर्जंतुक हवी. यात स्वतःच्या पेशी नसतात, म्हणून मोठ्या खिंडीला आजही कमरेचे हाड लागते. कित्येकदा त्यात हे दाणे मिसळून कमरेतून घ्यावयाचे हाड कमी करतात. चमत्काराची जाहिरात कोणी केल्यास भुलू नये.

धुळ्यास १९८९ पासून आणि जळगावास २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेव्हा शस्त्रक्रियेच्या कागदावर अंगठा उठविण्यापूर्वी आमच्या माणसाने एवढे विचारावे: हाड कोठून घेणार? कृत्रिम दाण्यांवर भागेल काय? त्यांचा खर्च कोणाच्या माथी? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे डॉक्टर देतील. तिसऱ्याचे उत्तर मालकाकडून व सरकारकडून मिळविणे, हे आपणा सर्वांचे काम आहे.