कामगारांसाठी आखलेलं नवनगर

निगडीच्या त्या भागाला लोक आजही नुसतं ‘प्राधिकरण’ म्हणतात. सरकारी कचेरीचं नाव वस्तीला चिकटलंय! पण ही कचेरी निघाली कशासाठी? १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. तिनं कामगारांना वसाहत बांधून दिली. साठच्या दशकात एमआयडीसी आली, टेल्को आली, आणि माणसांचा लोंढा लागला. त्यांना परवडणारी घरं मिळावीत म्हणून १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. शेतकऱ्यांच्या जमिनी संपादित झाल्या, सेक्टर पाडले, भूखंड ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिले. आखणी चांगलीच होती, तिथले रस्ते बघा. पण कारखान्याचा भोंगा रोज वाजायचा, घरांची सोडत निघायची कधीतरी. मग कामगारानं काळेवाडी, थेरगाव, चिखलीकडे अर्धा गुंठा घेतला, म्हणजे साडेपाचशे चौरस फुटांच्या आतच, आणि घर बांधलं. यातली बरीच घरं प्राधिकरणाच्याच हद्दीत. ज्याच्यासाठी योजना, तोच कागदोपत्री अनधिकृत! आणि जमीन गेलेला शेतकरी साडेबारा टक्के परताव्यासाठी वर्षानुवर्षं हेलपाटे घालत राहिला. २०२१ साली प्राधिकरण विसर्जित झालं. काही भाग महापालिकेकडे गेला, काही पीएमआरडीएकडे. अर्ध्या गुंठ्याचं घर नावावर कसं करायचं, हा प्रश्नही त्यांच्याबरोबर गेला.